मायएसक्यूएल ८.४ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मायएसक्यूएल हा माहिती टेबलांत साठवणारा डेटाबेस प्रोग्राम. त्याच्या ८.० या मालिकेला दुरुस्त्या मिळण्याची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. त्यानंतरची दीर्घ मुदतीची आवृत्ती म्हणजे ८.४. ती एप्रिल २०२४ मध्ये आली आणि विंडोज, लिनक्स, मॅकओएस तिन्हींवर चालते. नागपुरातल्या वाचकांनी याविषयी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : कळमना बाजारात आमचे अडतीचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली, तोलाई हे सगळे विंडोजवरच्या ८.० मध्ये आहे. ८.४ कसे बसवावे? जुना हिशेब राहील ना?

हिशेब राहील, पण वेळ नीट निवडा. संत्र्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहार फेब्रुवारीपासून बाजारात येतो. त्या दिवसांत या कामाला हात लावू नका. जूनमधला एखादा बंदचा दिवस बरा.

आधी बॅकअप. 'एमवायएसक्यूएलडंप' (सगळा डेटा एका फाइलमध्ये काढणारा प्रोग्राम) चालवताना सिंगल-ट्रान्झॅक्शन, रूटीन्स, इव्हेंट्स आणि ऑल-डेटाबेसेस हे चारही पर्याय द्या. हे डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम असतात. त्यांपैकी ट्रिगर आपोआप येतात, पण रूटीन्स आणि इव्हेंट्स सांगितल्याशिवाय येत नाहीत. विंडोजवर एक जागा हमखास फसवते. पॉवरशेलमध्ये 'पेक्षा मोठे'चे चिन्ह वापरून फाइल बनवली, तर ती यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या वेगळ्या पद्धतीत लिहिली जाते आणि परत भरताना मायएसक्यूएल ती घेत नाही. म्हणून 'रिझल्ट-फाइल' हाच पर्याय वापरा. मग ती फाइल दुसऱ्या संगणकावर भरून चार-पाच मोठ्या टेबलांतल्या नोंदी मोजा आणि मागच्या महिन्याच्या एखाद्या पट्टीची बेरीज ताडून पाहा. भरून न पाहिलेल्या बॅकअपवर आमचा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका.

त्यानंतर मायएसक्यूएल शेल या आज्ञा टाइप करण्याच्या वेगळ्या प्रोग्राममध्ये 'यूटिल.चेकफॉरसर्व्हरअपग्रेड' चालवा. काय अडणार आहे त्याची यादीच ते देते. यादी निकाली निघाली की 'इनोडीबी_फास्ट_शटडाउन' शून्य करून सर्व्हिस थांबवा, म्हणजे अर्धवट राहिलेली कामे बंद होण्याआधी पूर्ण होतात. आता सी ड्राइव्हच्या 'प्रोग्रामडेटा' फोल्डरमधला मायएसक्यूएलचा डेटा आणि 'माय.आयएनआय' ही सेटिंगची फाइल दुसरीकडे कॉपी करा. हे फोल्डर लपवलेले असते, 'हिडन आयटम्स' चालू केल्यावर दिसते.

८.० साठी असलेला एकत्रित इन्स्टॉलर ८.४ ला नाही. एमएसआय फाइल बसवून पुढचे काम 'कॉन्फिगरेटर'मधून करायचे. व्हिज्युअल सी++ २०१९ चे रीडिस्ट्रिब्युटेबल (सर्व्हरला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फाइलींचा संच) आधीच बसवून ठेवा. पहिल्यांदा सुरू होताना सर्व्हर आतली टेबले स्वतःच नव्या रूपात आणतो. या कामात वीज जाऊ देऊ नका. यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी तपासा आणि वेळ लागला म्हणून टास्क मॅनेजरमधून सर्व्हर बंद करू नका. ८.४ ने एकदा उघडलेले डेटा फोल्डर ८.० परत उघडत नाही. मागे यायचे झाले तर तुम्ही काढलेली कॉपीच कामी येईल.

तुमच्याकडे ५.७ असेल तर थेट उडी चालत नाही. आधी ८.०, मग ८.४.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ८.४ बसवले, पण सर्व्हिस सुरूच होत नाही. दुसऱ्या संगणकावर सुरू होते, तर बिलांचा जुना प्रोग्राम आत शिरू शकत नाही.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. सर्व्हिस अडते ती बहुधा जुन्या 'माय.आयएनआय'मुळे. डेटा फोल्डरमधली '.ईआरआर' फाइल उघडा. शेवटच्या ओळींत 'अननोन व्हेरिएबल' असे लिहून पुढे नाव दिलेले असेल. 'डिफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन' आणि 'एक्स्पायर_लॉग्ज_डेज' हे दोन पर्याय ८.४ मध्ये उरलेले नाहीत. त्या ओळी काढा. एक काढली की दुसरी अडू शकते, म्हणून दर वेळी लॉग परत पाहा.

बिलांचा प्रोग्राम अडतो तो पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीमुळे. 'मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड' ही जुनी पद्धत ८.४ मध्ये आहे, पण बंद ठेवलेली. 'माय.आयएनआय'च्या 'एमवायएसक्यूएलडी' विभागात ती 'ऑन' केली आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केली की आजचे काम भागेल. मात्र ९.० मध्ये ती काढूनच टाकली आहे, तेव्हा यावर वर्षानुवर्षे बसू नका. प्रोग्राम पीएचपीत असेल तर पीएचपी ७.४ किंवा पुढची आवृत्ती घ्या. जावात असेल तर कनेक्टर (प्रोग्रामला सर्व्हरशी जोडणारा भाग) नवा करा. मग प्रत्येक युजर 'अल्टर युजर'ने 'कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड' या नव्या पद्धतीवर आणा.

त्याच संगणकावर जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आणखी एक बदल लक्षात ठेवा. 'इनोडीबी_आयओ_कपॅसिटी'चा (सर्व्हरने डिस्ककडून सेकंदाला किती काम करून घ्यावे याचा) मूळ आकडा २०० होता, तो ८.४ मध्ये १०,००० झाला. हा आकडा एसएसडीसाठी ठीक आहे, फिरत्या डिस्कची मात्र दमछाक होते. तिथे २०० परत लिहा.

प्रश्न : महालातल्या आमच्या वाचनालयाचा डेटा विंडोजवरून उबुंटूवर नेला. टेबल समोर दिसते, तरी प्रोग्राम म्हणतो टेबलच नाही (त्रुटी ११४६).

विंडोजवर टेबलांची नावे छोट्या इंग्रजी अक्षरांत साठतात आणि विचारताना लहान-मोठे अक्षर पाहिले जात नाही. लिनक्सवर ते काटेकोर पाहिले जाते. प्रोग्राम मोठ्या 'एस'ने 'सभासद' मागतो, टेबल छोट्या 'एस'चे आहे, म्हणून सापडत नाही. यावर 'लोअर_केस_टेबल_नेम्स' १ करायचे असते, पण ८.० पासून हा पर्याय डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होतानाच ठरतो. नंतर बदलला तर सर्व्हर सुरूच होत नाही. उबुंटूचे पॅकेज बसताक्षणी फोल्डर तयार करून मोकळे होते. म्हणून सर्व्हर थांबवा, ते फोल्डर बाजूला सरकवा, कॉन्फिग फाइलमध्ये ओळ लिहा, 'इनिशियलाइझ' करून नवे फोल्डर बनवा आणि त्यात डंप (बॅकअपची फाइल) भरा. फोल्डरची मालकी 'एमवायएसक्यूएल' या युजरकडेच राहू द्या.

प्रश्न : सक्करदऱ्याहून. सभासदांच्या यादीत 'काळे' हे 'कावळे' आणि 'काशीकर'च्या आधी येतात. शिवाय 'वऱ्हाड' शोधले तर निम्मीच पुस्तके मिळतात. नव्या आवृत्तीने हे सुटेल का?

आपोआप सुटणार नाही. युनिकोडमध्ये ळ ला ल च्या लगेच नंतरची जागा आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. मायएसक्यूएलमध्ये काही भाषांसाठी वेगळे क्रम आहेत, मराठीसाठी ८.४ मध्येही नाही, आणि ही उणीव खरोखर खटकते. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आयसीयू या भाषाविषयक संचातला 'एमआर-एक्स-आयसीयू' हा तयार मराठी क्रम आहे. यादी हेच तुमचे मुख्य काम असेल तर त्याचा विचार करा.

मायएसक्यूएलमध्येच राहायचे असेल तर क्रमासाठी वेगळा जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरणारा) करा. त्यात आडनाव घ्या, पण 'रिप्लेस' वापरून ळ च्या जागी युनिकोड क्रमांक ०९३ए चे चिन्ह टाका. हे चिन्ह मराठीत वापरात नाही, ते ह च्या नंतर आणि काना-वेलांट्यांच्या आधी बसते, त्यामुळे 'कळ' आणि 'का' यांचा क्रमही बिघडत नाही. त्या कॉलमची कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम यांचा नियम) 'यूटीएफ८एमबी४_बिन' ठेवा, इंडेक्स लावा आणि 'ऑर्डर बाय' त्याच्यावर करा. छापायचा तो मूळ कॉलम. या पद्धतीत 'कांबळे' 'काटोले'च्या आधी येईल, तेवढे ग्रंथपालांना विचारून घ्या.

'वऱ्हाड'चा घोळ टंकलेखनाचा आहे. काही कळफलक ऱ आणि हलन्त देतात, काही र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, आत वेगळे. 'यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय' कोलेशनमध्ये 'बरोबर'च्या चिन्हाने तुलना केली तर दोन्ही जुळतात, पण 'लाइक' एकेक अक्षर पाहत जाते, तिथे चुकते. म्हणून नोंदीच एकसारख्या करा. र, हलन्त आणि जोडक (हेक्स ई२८०८डी) असे जिथे असेल तिथे ऱ आणि हलन्त घाला. हाच बदल नोंद करण्याच्या आणि शोधण्याच्या चौकटीतही लावा, नाहीतर महिन्याभरात परत तेच.

कोलेशनच्या नावातल्या 'एआय'चा अर्थ अक्षराच्या वरखालच्या खुणा न मोजणे. म्हणून नावाच्या कॉलमवर युनिक की (एकच नोंद दोनदा येऊ न देणारी अट) लावण्याआधी 'मंदा' आणि 'मदा' यांसारख्या जोड्या 'सिलेक्ट'ने ताडून पाहा. त्या समान ठरल्या तर त्या कॉलमला 'यूटीएफ८एमबी४_बिन' द्या.

प्रश्न : धंतोलीतून. जुन्या टेबलांत मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आहेत. ८.४ वर नेल्यावर मराठी परत येईल?

आधी आत काय आहे ते 'हेक्स' फंक्शनने पाहा; ते साठवलेले बाइट आकड्या-अक्षरांत दाखवते. प्रत्येक देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात आणि सुरुवात ई०ए४ किंवा ई०ए५ अशी होते. तसे दिसले तर डेटा धड आहे, प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्या जोडणीची कॅरेक्टर सेट (अक्षरे ओळखण्याची पद्धत) चुकली आहे. ती यूटीएफ८एमबी४ करा. सी३ए०सी२ए४ अशी सुरुवात असेल तर मजकूर दोनदा बदलला गेला आहे. तो लॅटिन१ मध्ये, तिथून बायनरीत आणि मग यूटीएफ८एमबी४ मध्ये आणला की उलगडतो. हे आधी कॉपीवर करून पाहा. मजकूर जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टचा असेल तर प्रश्नचिन्हे नव्हे, इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्याला फॉन्ट बदलणारा कन्व्हर्टरच लागेल.

पण हेक्समध्ये ३एफ ३एफ ३एफ अशीच रांग असेल, तर साठवतानाच अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली गेली आहेत. त्या नोंदी जुन्या बॅकअपमधून किंवा मूळ रजिस्टर पाहून पुन्हा टाइप कराव्या लागतील.