रेपियर, पट्टा आणि एकच रिॲक्शन : वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रे तलवारबाज पात्रांबद्दल आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे 2014 चे नियम धरले आहेत.

प्रश्न : मी तिसऱ्या लेव्हलचा रोग (चपळ, चोरटा लढवय्या) खेळतो, सबक्लास (उपप्रकार) स्वॉशबकलर. एका ऑर्कशी भिडलो की स्नीक अटॅक (रोगची जादा इजा) लागतो, पण दोघे अंगावर आले की डीएम (खेळ चालवणारे डंजन मास्टर) म्हणतात, नाही लागणार. एका हातात रेपियर आणि दुसऱ्यात खंजीर घेऊन लढायचे होते, त्यालाही त्यांची हरकत आहे. (डोंबिवली)

तुमचे डीएम दोन्हीकडे नियमाला धरून आहेत. एकट्या शत्रूवर स्नीक अटॅक देणाऱ्या, स्वॉशबकलरच्या रेकिश ऑडॅसिटीची अट अशी, की लक्ष्य तुमच्यापासून 5 फुटांत हवे, त्याच्याखेरीज दुसरा कोणताही जीव तुमच्या 5 फुटांत नको आणि तुमच्या हल्ल्यावर डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा धरणे) नको. ‘कोणताही’ म्हणजे दुसरा ऑर्क आला, तसा तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला सोबतीही आला. मात्र तो सोबती लक्ष्यालाही खेटून असेल, तर स्नीक अटॅकचा नेहमीचा नियम लागू होतो आणि ऑडॅसिटीची गरजच उरत नाही. अडचण होते ती तुम्ही दोन शत्रूंच्या मध्ये एकटे सापडता तेव्हा.

त्यावरचा उपाय तुमच्याच सबक्लासमध्ये आहे. फॅन्सी फुटवर्कमुळे, ज्याच्यावर तुम्ही या टर्नमध्ये मेली हल्ला केला तो त्या टर्नपुरता तुमच्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक (पोहोचीतून बाहेर पडताना बसणारा वार) करू शकत नाही. वार लागलाच पाहिजे अशी अट नाही, केलेला पुरतो. समजा, ज्याला मारायचे तो ‘अ’ आणि मधे येणारा ‘ब’. पहिला वार ‘ब’वर करा. स्नीक अटॅक मिळणार नाही, मिळू नयेच. मग ‘अ’च्या पोहोचीतून बाहेर न पडता त्याला वळसा घालून पलीकडच्या अंगाला जा, म्हणजे ‘ब’ 5 फुटांच्या बाहेर राहील. ‘ब’ तुम्हाला अडवू शकत नाही आणि ‘अ’ची पोहोच तुम्ही सोडलेली नाही. आता बोनस ॲक्शनने (टर्नमधली जादा छोटी कृती) दुसऱ्या हातातला वार ‘अ’वर करा. तो स्नीक अटॅकसह लागतो आणि उरलेल्या चालीत दोघांनाही सोडून निघता येते. एकच खबरदारी : जवळ तिसरा शत्रू असेल आणि त्याला तुम्ही हात लावलेला नसेल, तर त्याचा ऑपॉर्च्युनिटी अटॅक शाबूत आहे.

हे जमायला दोन्ही हातांत हत्यार हवे, आणि खंजिराचा प्रश्न तिथेच येतो. दोन हत्यारांनी लढायचे तर दोन्ही ‘लाइट’ हवीत. खंजीर लाइट आहे, रेपियर नाही. ड्युअल वील्डर फीट (लेव्हल वाढल्यावर घेता येणारे खास कौशल्य) घेतले तर चालते, पण चौथ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी वाढवायची सोडून ते घेणे आम्हाला पटत नाही. सरळ दोन शॉर्टसोर्ड घ्या. रेपियरचा फासा डी8 (आठ बाजूंचा), शॉर्टसोर्डचा डी6, म्हणजे सरासरी 1 चे नुकसान. बदल्यात मिळते काय, ते पाहा. वार लागण्याची शक्यता 65 टक्के धरली, तर एका प्रयत्नात स्नीक अटॅक तेवढाच मिळतो, एकाच शत्रूवर दोन प्रयत्न करता आले तर सुमारे 88 टक्के. इतर रोग दुसऱ्या वारासाठी बोनस ॲक्शन खर्च करतात आणि मग सुटका करून घ्यायला काही उरत नाही. स्वॉशबकलरची सुटका फुकट आहे, म्हणून हा सौदा त्यालाच सर्वांत फायद्याचा. रेपियर-खंजिराचे चित्र मनात भरलेच असेल, तर डीएमला विचारून एका शॉर्टसोर्डला रेपियर म्हणा आणि दुसऱ्याला खंजीर. आकडे शॉर्टसोर्डचेच ठेवा, कोणाचे काही बिघडत नाही.

आणखी एक. वार करून मागे पळालात की ऑर्क तुमच्या मागे येईलच असे नाही, तो विझार्डकडे वळेल. पळण्याआधी मागे कोण उभे आहे ते बघा.

प्रश्न : बॅटल मास्टर फायटरचे रिपोस्ट घेतले आहे, जोडीला डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट फीट. शत्रूचा वार फीटने चुकवला की लगेच रिपोस्टने उलटा वार करायचा, असा बेत होता. आमच्याकडे यावर वाद झाला. (पुणे)

बेत देखणा आहे, पण चालत नाही. डिफेन्सिव्ह ड्युएलिस्टने आर्मर क्लासमध्ये (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) प्रोफिशियन्सी बोनस मिळवायला रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला दिलेला झटपट प्रतिसाद) लागते, रिपोस्टलाही रिॲक्शनच लागते, आणि ती तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत एकच असते. फीटने वार चुकवलात तिथे ती संपली. पॅरी या मॅनूव्हरचे (बॅटल मास्टरचा डाव) तेच आणि रोगच्या पाचव्या लेव्हलच्या अनकॅनी डॉजचेही तेच. तलवारबाजाचे म्हणून जे जे आकर्षक पर्याय पुस्तकात आहेत, ते बहुतेक याच एका रिॲक्शनच्या रांगेत उभे आहेत. पात्र बांधताना हे पहिल्यांदा ठरवा : तुमची रिॲक्शन वाचण्यासाठी आहे की मारण्यासाठी? दोन्हींवर फीट आणि मॅनूव्हर खर्च केलेत, तर प्रत्येक राउंडला त्यातले एक पडून राहते.

मारण्यासाठी म्हणत असाल तर रिपोस्टसारखे दुसरे नाही, आणि त्याचे खरे मोल रोगच्या जोडीने कळते. स्नीक अटॅक राउंडला एकदा नसून टर्नला एकदा असतो. शत्रूच्या टर्नमध्ये रिपोस्ट केले आणि अट जुळली, तर तो पुन्हा लागतो. आठव्या लेव्हलचा हिशेब करू : रोग 5, फायटर 3, डेक्स्टेरिटी 18, ड्युएलिंग स्टाइल. लागलेल्या रिपोस्टची सरासरी अशी : रेपियर 4.5, डेक्स्टेरिटी 4, ड्युएलिंग 2, सुपिरिऑरिटी डाय (मॅनूव्हरसाठी खर्चायचा डी8) 4.5, स्नीक अटॅकचे तीन डी6 म्हणजे 10.5. एकूण 25.5, तेही दुसऱ्याच्या टर्नमध्ये. असे चार डाय मिळतात आणि शॉर्ट रेस्टनंतर भरून येतात.

किंमतही मोजा. सरळ आठ लेव्हलच्या रोगकडे स्नीक अटॅकचे चार डी6 असतात, सातव्या लेव्हलचे इव्हेजन (स्फोटासारख्या माऱ्यातून निसटणे) असते आणि आठव्या लेव्हलची ॲबिलिटी वाढ असते. हे तिन्ही तुमच्याकडे नसेल. इव्हेजन नसल्याचे फायरबॉल पडला की जाणवते.

रिपोस्टला शत्रूचा मेली वार *चुकावा* लागतो, म्हणून आर्मर क्लास जितका चढा तितके बरे. पुष्कळ जण इथे दुसरा हात रिकामा ठेवतात, कारण चित्रातला तलवारबाज तसा दिसतो. ड्युएलिंग स्टाइलची अट दुसऱ्या हातात *हत्यार* नको एवढीच आहे. ढाल चालते. फायटरमध्ये मल्टिक्लास केल्यावर (म्हणजे त्या वर्गाच्याही लेव्हल घेतल्यावर) ढालीची प्रोफिशियन्सी मिळते, तेव्हा स्टडेड लेदरच्या 16 वर 2 चढवा आणि 18 करा.

प्रश्न : पाथफाइंडर या दुसऱ्या भूमिकाखेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत फेन्सर शैलीचा स्वॉशबकलर आहे. फिनिशर (टर्नमधला शेवटचा जोरदार वार) लागतच नाहीत, आणि सांगाडे-झोंबी समोर आले की मी निव्वळ प्रेक्षक. (ठाणे)

बहुधा तुम्ही आधी साधा स्ट्राइक करून मग फिनिशर टाकता. तेव्हा फिनिशर दुसरा हल्ला ठरतो आणि त्यावर उणे 5 बसतात. एजाइल (चपळ) हत्याराला उणे 4, पण रेपियर एजाइल नाही. क्रम उलटा ठेवा. पहिल्या ॲक्शनला फेंट, म्हणजे आपल्या भाषेत हूल. हूल हा हल्ला नाही, त्यामुळे दंड चढत नाही. ती यशस्वी झाली की पॅनाश (फिनिशरसाठी लागणारा जोश) मिळतो आणि पुढच्या वारासाठी शत्रूचा आर्मर क्लास 2 ने उतरतो. दुसरी ॲक्शन कॉन्फिडंट फिनिशर. पहिल्या लेव्हलला त्यात दोन डी6 जादा आणि वार साधा चुकला तरी त्या जादाचा निम्मा भाग लागतो. त्यानंतर त्या टर्नमध्ये हल्ला करता येत नाही, म्हणून तिसरी ॲक्शन बकलर उचलायला किंवा एक पाऊल मागे घ्यायला ठेवा. 2024 च्या सुधारित नियमांत हूल साधी फसली तरी पॅनाश तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत टिकतो. साफ फसली तर नाही.

झोंबींचे कारण वेगळे. फेंट मानसिक परिणामात मोडते, आणि ज्यांना मनच नाही त्यांना मानसिक परिणाम लागू होत नाहीत. हूल ओळखायलासुद्धा समोर डोके लागते. अशा वेळी टम्बल थ्रू करून शत्रूच्या जागेतून पार व्हा. त्यात ॲक्रोबॅटिक्सचा सामना त्याच्या रिफ्लेक्सशी असतो आणि झोंबी तिथे कच्चे असतात. फेन्सर असलात तरी ॲक्रोबॅटिक्सकडे दुर्लक्ष करू नका. ऊझ (चिकट गोळ्यासारखे राक्षस) समोर आले तर मात्र जादा डी6 विसरा, ती प्रिसिजनची, म्हणजे नेमक्या जागी लागणारी, इजा असते आणि ती त्यांना होत नाही.

प्रश्न : 2024 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये स्वॉशबकलर दिसत नाही. जुनाच वापरावा का? (मडगाव)

डीएमची हरकत नसेल तर वापरा, तिसऱ्या लेव्हलला बसतो. नव्या नियमांतल्या वेपन मास्टरीमुळे तो बळकटच होतो. शॉर्टसोर्डला ‘व्हेक्स’ आहे : वार लागून इजा झाली की त्याच शत्रूवरच्या पुढच्या वाराला ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा धरणे). खंजिराला ‘निक’ आहे : दुसऱ्या हाताचा वार अटॅक ॲक्शनमध्येच होतो, बोनस ॲक्शन मोकळी राहते. एकात शॉर्टसोर्ड, दुसऱ्यात खंजीर. डोंबिवलीच्या वाचकांना हवे होते त्याच्या हे बरेच जवळ आहे.

प्रश्न : मर्दानी खेळातला दांडपट्टा खेळात आणायचा आहे. कोणत्या तलवारीचे आकडे लावावेत? (कोल्हापूर)

रेपियरचे लावू नका. रेपियर भोसकण्यासाठी आहे आणि तिचे टोक मनगट-बोटांनी फिरते. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत जाणारे लोखंडी आवरण. आतली आडवी दांडी धरली की मनगट बांधले जाते आणि लवचिक, दुधारी पाते फिरते ते खांद्यातून, कोपरातून आणि पायांच्या पवित्र्यातून. तो कापतो. ‘पटाईत’ हा शब्दच पट्टा चालवणाऱ्यावरून आला आहे.

आमची सूचना अशी : मार्शल हत्यार, एका हाताचे, डी8 स्लॅशिंग (कापणारी इजा), फिनेस (डेक्स्टेरिटीने चालवता येणारे). रीच (जादा पोहोच) देऊ नका, पाते लांब वाटले तरी भाल्याची पोहोच त्याला नाही. हात आवरणात असल्याने, कोणी हत्यार पाडू पाहिले तर त्या चाचणीत पट्टेकऱ्याला ॲडव्हान्टेज द्या. त्याची भरपाईही हवी : पट्टा चढवायला किंवा उतरवायला एक पूर्ण ॲक्शन, आणि चढवलेल्या हाताने दोर धरणे, पोशनचे बूच काढणे, मंत्राच्या हस्तमुद्रा करणे, यातले काहीही नाही. ही भरपाई गाळलीत तर टेबलावरचे सगळेच पट्टा मागतील.

लाइट मात्र करू नका. दोन पट्टे चालवणे ही अवघड विद्या आहे, त्यासाठी ड्युअल वील्डर फीट मोजायला लावणे रास्त. बॅटल मास्टर करणार असाल तर स्वीपिंग अटॅक घ्या. पहिल्या शत्रूला लागलेला फासा शेजारच्यालाही लागण्याइतका असेल, तर त्या शेजाऱ्याला सुपिरिऑरिटी डायएवढी इजा होते. अट एवढीच, की तो पहिल्याच्या 5 फुटांत आणि तुमच्या पोहोचीत हवा. घेरा पडल्यावर गरागरा फिरणारा पट्टा नेमके हेच करतो.