मावशीच्या पर्समधली डबी

"ताई, मी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगणार आहे." फोन उचलल्यावर मीनल (नाव बदललं आहे) पहिलं हेच बोलली, आणि मग तिला रडू आवरेना.

मीनल मूळची साताऱ्याकडची. नवरा आफ्रिकेतल्या बोट्स्वानात, राजधानी गॅबोरोनीला अकाउंट्सचं काम करतो. आधी तो एकटाच गेला, दोन वर्षांनी मीनल लेकीला घेऊन गेली. आता तीही तिथे नोकरी करते. साडेचार वर्षांच्या लेकीला सांभाळायला तिथलीच एक बाई येते, लेक तिला मावशी म्हणते. आदल्या दिवशी मावशीची पर्स कलंडली, गोळ्यांची डबी बाहेर पडली. मीनलने उचलून देताना नाव वाचलं आणि मोबाईलवर शोधलं. एचआयव्हीचं औषध निघालं.

"ती हिला हाताने भरवते, अंघोळ घालते, पापे घेते. मागच्या आठवड्यात बटाटे सोलताना तिचं बोट कापलं होतं, ताई. ती भाजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली."

मी विचारलं, कालपासून घरात काय बदललंस? जरा वेळाने उत्तर आलं, "तिच्यासाठी वेगळं ताट आणलं. आणि कप."

हे ऐकलं आणि मला 2003 साल आठवलं. सांगली जिल्ह्यातली एक तरुण विधवा, नवरा ट्रकवर होता. तिचं ताट सासरच्यांनी गोठ्यात ठेवलं होतं. दोन वर्षांच्या पोराला तिच्याजवळ झोपू देत नसत. आजारापेक्षा त्या ताटाबद्दलच ती माझ्याशी जास्त बोलली. आपल्याकडे एचआयव्हीची सरकारी मोफत औषधं 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली, ती त्याआधीच गेली. एवढ्या वर्षांत एचआयव्हीबद्दल मी असंख्य लोकांशी बोलले, पण वेगळं ताट हा शब्द आला की मला अजून तीच दिसते.

मीनलला मी आधी लेकीबद्दल सांगितलं, कारण तिचा जीव तिथेच अडकला होता. एचआयव्ही तीन वाटांनी जातो: असुरक्षित लैंगिक संबंधातून, बाधित रक्त किंवा सुईतून, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. हाताने भरवणं, पापा घेणं, अंघोळ घालणं, एकच कप, एकच संडास, डास, यांतून जात नाही. बोट कापलेल्या हाताने केलेल्या भाजीतूनही नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकाव धरत नाही, आणि ती भाजी तर तुम्ही शिजवून खाल्लीत. मावशी गोळ्या घेत नसती तरी हे सगळं असंच असतं. बोट कापलं तर धुवायचं, पट्टी लावायची. तुझं कापलं तरी हेच.

"पण गोळ्या चालू आहेत म्हणजे जास्तच असेल ना?"

हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, आणि त्यातला समज अगदी उलटा आहे. गोळी रोज घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. असा माणूस जोडीदारालाही लागण देत नाही. नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांचा मोठा अभ्यास झाला होता, दोघांपैकी एक बाधित, दुसरा नाही. 2011 मध्ये त्याचा निष्कर्ष आला: लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली होती. त्यात पुण्यातली जोडपी होती आणि गॅबोरोनीतलीही. हे सांगितल्यावर मीनल पहिल्यांदा शांत ऐकू लागली.

मग मी तिला ती राहते त्या देशाबद्दल सांगितलं. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तिथे तिसऱ्या हिश्शाहून जास्त प्रौढ बाधित असल्याचा अंदाज होता. बाप्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत महिनोन्‌महिने घरापासून लांब राहायचे; आपल्याकडे महामार्गाकाठच्या गावांनी जे भोगलं त्याच्याशी हे फार जवळचं आहे. राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांनी आपण नामशेष होऊ, असं जगापुढे उघड सांगितलं. 2002 मध्ये सरकारने मोफत औषधं सुरू केली, योजनेचं नाव मासा, म्हणजे तिथल्या भाषेत पहाट. 2004 पासून कुठल्याही कारणाने दवाखान्यात गेलं तरी एचआयव्हीची तपासणी सुचवायला लागले. 2021 च्या पाहणीत दर पाच प्रौढांत एक बाधित निघाला, पण बाधितांपैकी 95 टक्के लोकांना आपली लागण माहीत होती, त्यांतले 98 टक्के औषधावर होते, आणि औषधावरच्या 98 टक्क्यांचा विषाणू आटोक्यात होता. आईकडून बाळाला होणारी लागण इतकी खाली आणल्याबद्दल त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. एवढा भार असलेल्या देशांत हा मान पहिला त्यांचा.

हे सगळं तुझ्या मावशीसारख्या बायकांनी केलंय, मी म्हटलं. रांगेत उभं राहून, रोज न चुकता गोळी घेऊन. उद्या तू तिला काढलंस तर पुढच्या घरी ती डबी लपवेल, एखाद्या दिवशी गोळी चुकवेलही.

"तिच्याकडे रिपोर्ट मागू?" नाही. तो तिचा आहे. भारतात तर नोकरीसाठी ही तपासणी मागायला 2017 च्या कायद्याने बंदीच आहे.

मग मी तिला विचारलं, तुझी तपासणी कधी झाली? गरोदरपणात, म्हणजे पाच वर्षांपूर्वी. आणि नवऱ्याची? ती गप्प झाली. हा प्रश्न विचारताना माझाही आवाज हळू होतो. मला त्याच्यावर संशय नव्हता, आणि ते मी स्पष्ट सांगितलं. पण लागण पसरते ती बहुतेक आपल्याला काही नाही असं धरून चालणाऱ्यांकडून, मावशीसारख्यांकडून नाही. पाचात एक बाधित असलेल्या देशात नवरा-बायकोने मिळून तपासणी करणं म्हणजे डोळ्यांचा नंबर काढण्याइतकी साधी गोष्ट व्हायला हवी.

पुढचे दहा दिवस मीनलचा फोन नव्हता. मग आला. दोघं जाऊन आली होती, दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह. नवऱ्याला आधी राग आला होता, मग तपासणीच्या आदल्या रात्री तोही झोपला नव्हता.

मावशीशी ती काय बोलली, मी विचारलं. फारसं काही नाही, म्हणाली. डबी पाहिली एवढंच सांगितलं, आणि कामात काही बदलणार नाही हेही. मावशी सिंकपाशी पाठमोरी उभी होती, ती बराच वेळ वळलीच नाही. आतापर्यंत दर काही महिन्यांनी ती बहिणीकडे जायचंय म्हणून सुट्टी घ्यायची. आता फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तिने स्वतःच्या हाताने क्लिनिकची तारीख लिहिली आहे, आणि त्या दिवशी मीनलने रजा टाकली आहे.