थेरपिस्टलाच मी धीर देते आहे

प्रश्न : ताई, आई गेल्यानंतर मी एका थेरपिस्टकडे जाऊ लागले. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत असताना त्या म्हणाल्या, "माझीही आई मागच्याच वर्षी गेली." तेव्हा त्या फार जवळच्या वाटल्या. पुढे एकदा मात्र त्यांनी त्यांच्या आईच्या आजारपणाचं बराच वेळ सांगितलं, रडल्याही. मीच त्यांना धीर दिला. घरीही सगळ्यांना सांभाळणारी मीच. आता आईचा विषय निघाला की मी आवरतं घेते. थेरपिस्टनं स्वतःचं सांगणं चूक आहे का?

उत्तर : सरसकट चूक नाही. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. डॉक्टरनं आरशासारखं असावं, रुग्ण दाखवेल तेवढंच त्याला परत दाखवावं, असं मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडनं १९१२ मध्ये लिहिलं. त्याचा सहकारी फेरेंत्सी पार दुसऱ्या टोकाला गेला. एका रुग्ण स्त्रीबरोबर त्यानं आळीपाळीनं एकमेकांचं मनोविश्लेषण करून पाहिलं, आणि त्यातून उभे राहिलेले पेचही १९३२ च्या रोजनिशीत लिहून ठेवले.

तुमच्या थेरपिस्टचं ते पहिलं वाक्य मला खटकत नाही. ते तुमच्या दुःखाला धरून होतं आणि तेवढ्यावरच थांबलं. आजारपणाची हकिगत मात्र खटकते. वेळ तुमचा, पैसे तुमचे, आणि धीर देणाऱ्याही तुम्हीच! घरी जे करता तेच तिथेही करावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्यांचं दुःख खरंच आहे. पण ते मोकळं करायला त्यांचे सुपरवायझर, म्हणजे त्यांच्या कामात मार्गदर्शन करणारे अनुभवी थेरपिस्ट, आहेत, त्यांना स्वतःसाठी थेरपीही घेता येते.

पुढच्या सेशनमध्ये बसल्या बसल्या हेच काढा, उठायच्या वेळेपर्यंत ठेवू नका. म्हणा, "तुमच्या आईचं ऐकल्यापासून मला माझ्या आईबद्दल बोलायला संकोच होतो." त्यांनी हे नीट ऐकून घेतलं, तुम्ही काय काय बोलायचं टाळलंत हे विचारलं, तर तिथेच राहा. असं बोलून झाल्यावर काम उलट खोलवर जाऊ शकतं. त्या दुखावल्या आणि पुन्हा तुम्हालाच समजूत घालावी लागली, तर थेरपिस्ट बदला. (उसने पैसे मागणं, बाहेर भेटायला बोलावणं, शारीरिक जवळीक यांपैकी काही घडलं, तर बोलून बघायच्या फंदात पडू नका, थेट थांबा आणि तक्रार करा.)

नव्या थेरपिस्टकडे गेलात, तर आधीचं का सोडलं ते पहिल्याच भेटीत सांगा.