कॉम्प्युटर आपली जहाजं पाहून खेळतो का?

प्रश्न : दादा, माझं वय ६३, राहते मानेवाड्याला. मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर निघायची सोय नसते, तर सुट्टीत आलेल्या नातवाने मला लॅपटॉपवर बॅटलशिप शिकवला, म्हणजे दहा बाय दहाच्या घरांत आपली पाच जहाजं लपवायची अन् समोरच्याची अंदाजाने शोधून बुडवायची. आता नातू गेला पुण्याला परत, मी एकटीच कॉम्प्युटरसोबत खेळते, पण बाप्पा, दहातले आठ डाव तोच जिंकतो! माझं एक जहाज सापडलं की धडाधड बुडवतो अन् माझे फटके सगळे पाण्यात. तो माझी जहाजं पाहून तर नाही ना खेळत? नसेल तर मी चुकते कुठे?
– एक वाचक काकू, नागपूर

उत्तर : काकू, आधी संशयाचंच पाहू. पाच जहाजांची घरं मोजा, ५, ४, ३, ३ आणि २, झाली १७. म्हणजे १०० घरांत डोळे मिटून गोळा टाकला तरी साधारण सहात एक लागणारच. तुम्ही एक करा, वीस डाव त्याचा फक्त पहिला फटका वहीत लिहून ठेवा, जहाजं मात्र दर वेळी नवीन जागी लावा. तीन-चारदा लागला, अगदी सहादा लागला तरी तो सरळ खेळतोय समजा, पण बारा-तेरादा लागला तर तो गेम सरळ काढून टाका अन् दुसरा घ्या.

मला वाटतं तो सरळच खेळत असेल. नुसतं कुठेही मारत सुटलं तर सगळी जहाजं बुडवायला सरासरी ९५ फटके लागतात, त्यामुळे थोडा जरी हिशोब ठेवणारा समोर असला तर आपण हरतोच. हा हिशोब तुम्हालाही येतो हो, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. १९६७ साली मिल्टन ब्रॅडली या अमेरिकन कंपनीने हा खेळ प्लॅस्टिकच्या पटावर आणला, त्याआधी लोक कागद-पेन्सिलीवरच खेळायचे. तुम्ही पण गणिताची चौकटीची वही जवळ ठेवा.

वहीत दहा बाय दहाचा चौकोन करून बुद्धिबळाच्या पटासारखी एक सोडून एक घरं रंगवा, ५० होतील. सगळ्यात लहान जहाज दोन घरांचं, ते आडवं ठेवा की उभं, त्याचं एक घर रंगलेल्यात येणारच, मग उरलेल्या ५० घरांत शोधायला गोळे कशाला घालवायचे? आणि ते दोनचं जहाज बुडालं की आणखी मोकळीक, आता लहानात लहान तीनचं, तर तिरप्या ओळींनी दर तिसरं घर मारलं तरी पुरतं, म्हणजे अख्ख्या पटावर ३३-३४ घरं. यातही सुरुवात मधून करा. कोपऱ्यातल्या घरावर पाचचं जहाज दोनच प्रकारे बसू शकतं, अगदी मधल्या घरावर दहा प्रकारे, त्यामुळे मधे लागायची शक्यता जास्त.

फटका लागला की मात्र रंगवलेलं वगैरे सगळं विसरायचं. चारही बाजूची घरं तपासायची, दुसरा लागला की दिशा कळली, मग त्या ओळीत दोन्ही टोकांकडे जायचं आणि 'बुडालं' असं येईपर्यंत दुसरीकडे हलायचं नाही. माझ्या मते आपण सगळ्यात जास्त डाव इथेच घालवतो, एक-दोन गोळे पाण्यात गेले की कंटाळून पटाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात जातो. कॉम्प्युटर कंटाळत नाही, तुम्हाला धडाधड वाटतं ते हेच. बुडालेलं जहाज वहीत खोडत जा, म्हणजे किती लांबीचं उरलंय ते समोर राहील अन् जिथे ते मावतच नाही तिथे गोळा वाया जाणार नाही.

तुमची जहाजं लावताना दोन जहाजं चिकटून ठेवू नका, एकाच्या शोधात दुसरं फुकट सापडतं. असा हिशोब करणारा कॉम्प्युटर आधी मधेच मारतो, म्हणून दोन-तीन जहाजं कडेला लावून पहा, फरक पडेल. पण नातू दिवाळीत आला की ही कडेची सवय ठेवू नका बरं, दोन डावांत तो ओळखेल अन् सुरुवातच कडेपासून करेल.