पहिल्या हजेरीची तारीख

प्रिय मित्रा,

बाल न्याय मंडळातली (गुन्ह्याचा आरोप असलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळातली) फाइल हाती आली की आधी एकच तारीख शोध: मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा कधी हजर केलं. गुन्ह्याची नाही, एफआयआरचीही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम १४ ची मुदत तिथूनच मोजतात. चौकशीला ४ महिने. लेखी कारणं नोंदवली तर मंडळाला फार तर आणखी २ वाढवता येतात.

मग गुन्ह्याचा वर्ग बघ. कमाल शिक्षा ३ वर्षांपर्यंत असेल तर गुन्हा किरकोळ, आणि वाढीव मुदतीतही चौकशी पुरी झाली नाही तर कार्यवाही कायद्यानेच संपते. प्रत्यक्षात रोजनाम्यात (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) पुढची तारीख पडत राहते, कारण दिवस कोणी मोजलेलेच नसतात. मुदत संपली की कलम १४(४) खाली लेखी अर्ज दे. तोंडी सांगितलेलं रोजनाम्यात येईलच असं नाही.

गंभीर आणि निर्घृण गुन्ह्यांत अशी सुटका नाही. तिथे मुख्य न्यायदंडाधिकारी मुदत वाढवतात. तो आदेश फाइलला खरंच लागलाय का, हे तपास. आणि कलमात १० वर्षांपर्यंतची शिक्षा दिसली म्हणून गुन्हा निर्घृण समजू नकोस. किमान शिक्षा ७ वर्षं किंवा जास्त हवी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर यात शंका उरलेली नाही.

निर्घृण गुन्हा आणि मुलाला १६ वर्षं पूर्ण असतील तर प्राथमिक मूल्यांकन (त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची मंडळाने केलेली पारख) ३ महिन्यांत व्हायला हवं. पण ही मुदत बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवलं. मुलांच्या दृष्टीने मला ते जड वाटतं; तरी 'मुदत उलटली, मूल्यांकन रद्द करा' एवढ्यावर आता विसंबू नकोस.

उशीर बहुतेक वयाच्या कागदांवर होतो. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा पहिल्याच तारखेला जोड. शाळेचा दाखला नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला; दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) सामाजिक तपासणी अहवालालाही, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या अहवालालाही, पहिल्या हजेरीपासून १५ दिवसच आहेत. सहआरोपी प्रौढ असेल तर मूळ कागद सत्र न्यायालयात अडकतात. प्रमाणित प्रतींचा अर्ज लगेच कर. खटले तसेही वेगळेच चालतात.

एवढं करूनही प्रकरण हलत नसेल तर मुख्य न्यायदंडाधिकारी दर ३ महिन्यांनी प्रलंबित प्रकरणांचा आढावा घेतात (कलम १६), त्याआधी त्यांना लेखी कळव. मंडळाच्या बैठका वाढवायला सांगण्याचा अधिकार त्यांना आहे.