आयुष्यभर फक्त 'वास' या विषयावर संशोधन करता येतं का?

तुमची मुलगी एमएस्सी झूलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे, मेंदू वास कसा ओळखतो यावर तिला संशोधन करायचंय, आणि घरच्यांना प्रश्न पडलाय की वासात असं काय आहे की त्यावर अख्खी कारकीर्द काढावी. मी एमएस्सीनंतर दोन वर्षं चिलटांच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट होतो, आता कॉलेजात शिकवतो. माझं उत्तर 'हो' आहे. ते का, हे सांगायला एका बाईंची गोष्ट सांगतो.

व्हेरोनिका रॉड्रिग्ज. घराणं मूळ गोव्याचं, जन्म १९५३चा, केनियातला. कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात आणि मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकल्या. इथली हुशार मुलं परदेशाची वाट धरत होती त्या काळात त्या डब्लिनहून पीएचडीसाठी मुंबईला आल्या, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत), जनुकशास्त्रज्ञ ओबेद सिद्दीकींकडे. आणि विषय घेतला चिलटांचं नाक.

चिलटं म्हणजे घरात केळी जास्त पिकली की त्यावर घोंघावतात ती. (आंबा नासवणारी फळमाशी वेगळी.) चिलटाला आपल्यासारखं नाक नसतं. डोक्यावरच्या दोन मिशांवर बारीक केस असतात, त्यांतून वास आत जातो. रॉड्रिग्ज आणि सिद्दीकींनी रसायनं देऊन चिलटांच्या जनुकांत बदल घडवले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या नळीत सोडल्या. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. कोण कुठे गेलं ते मोजायचं. त्यात काही वाण असे सापडले की त्यांना कडू बदामासारखा वास असलेलं बेंझाल्डिहाइड कळेना, पण फळांच्या वासाची असिटेटं व्यवस्थित कळत होती. म्हणजे त्यांचं नाक बंद नव्हतं, एका जातीच्या वासांपुरतंच ते बधिर झालं होतं. याचा अर्थ वेगवेगळ्या वासांसाठी वेगवेगळी यंत्रणा आहे आणि ती जनुकांवर चालते. या कामावरचा त्यांचा निबंध १९७८ साली आला. गंधग्राहकांची (वास पकडणाऱ्या प्रथिनांची) जनुकं प्रत्यक्ष हाती लागली ती १९९१ साली, लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांना, उंदरांच्या जातीत. त्याला २००४चं नोबेल मिळालं. चिलटांतली जनुकं सापडायला तर १९९९ उजाडलं. कुलाब्यात ही चिलटं मोजली जात होती ती याच्या वीसेक वर्षं आधी, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

हे 'मोजणं' काय असतं ते तुमच्या मुलीला आधी कळायला हवं. सकाळी मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून बाटल्यांत ओतायचं, गार झालं की कापसाची बुचं लावायची. त्या खाण्याचा आंबूस वास कपड्यांतून जात नाही. चिलटं बेशुद्ध करून सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशने नर-मादी वेगळे करायचे. मग नळी. माझी पहिल्या दोन महिन्यांतली सगळी आकडेवारी फुकट गेली. चिलटं वासाच्या फाट्यात भराभर जात होती आणि मी खूश होतो. एक दिवस वास उजवीकडचा डावीकडे केला, तरी ती उजवीकडेच गेली. उजवीकडे खिडकी होती. चिलटं वासाकडे नव्हे, उजेडाकडे जात होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून काळोख करून, दर वेळी बाजू बदलून सगळं पुन्हा केलं. हे ज्याला शांतपणे जमतं त्यानेच या वाटेला जावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

रॉड्रिग्ज पुढे जर्मनीत ट्यूबिंगेनला जाऊन परत टीआयएफआरमध्ये आल्या. १९८८ साली त्यांनी एकटीच्या नावावर निबंध लिहिला. चिलटाला किरणोत्सर्गी साखर द्यायची, वास द्यायचा आणि मेंदूचा कुठला भाग साखर जास्त ओढतो, म्हणजे जास्त काम करतो, ते पाहायचं. खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान मेंदूत वेगवेगळ्या वासांच्या वेगवेगळ्या जागा दिसल्या. मग मिशांवरचे ते केस मुळात घडतात कसे, यावर कितीतरी वर्षं. नंतर त्या बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये, म्हणजे टीआयएफआरच्याच जीवशास्त्र केंद्रात, गेल्या. १० नोव्हेंबर २०१० रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

त्यांचा सहभाग असलेलं एक काम २०११ साली छापून आलं, आणि तेच मला सगळ्यांत आवडतं. घरात सुकट भाजली की पाहुण्याला दारातच वास येतो, घरच्यांना काहीच नाही. आपण म्हणतो नाकाला सवय झाली. त्यांनी चिलटांना अर्धा तास किंवा चार दिवस एकाच वासात ठेवलं आणि दाखवलं की तिथे नाक थकत नाही. मेंदूतल्या काही पेशी त्या वासाचा संदेश जास्त जोराने दाबायला लागतात. मेंदू तो वास मुद्दाम बाजूला सारतो!

आता पोटापाण्याचं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. टीआयएफआर आणि एनसीबीएस यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा असते, शिवाय नेट-जेआरएफ ही देशपातळीवरची परीक्षा आहेच, आणि फेलोशिप मिळते. विषय कोपऱ्यातला नाही: डास माणसाला शोधतो त्यात वासाचा मोठा वाटा, पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी वास कमी होऊ शकतो, आणि कोविडमध्ये वास जाणं काय असतं ते तर घरोघरी कळलं.

मुलीला या रविवारी एक करायला सांगा. दोन सारख्या बरण्या, एकीत पिकलेलं केळं, दुसरी रिकामी, दोन्हींच्या तोंडावर खाली बारीक भोक असलेला कागदी नरसाळ्याचा शंकू. रात्रभर ओट्यावर ठेवायच्या आणि सकाळी चिलटं मोजायची. दुसऱ्या रात्री बरण्यांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा मोजायची. दुसऱ्यांदा मोजताना तिला कंटाळा आला की उत्सुकता वाटली, ते तिलाच विचारा.