किचन, ग्रिल आणि वाइनसाठीचे खास रॅक: कोणते घ्यावेत, कुठे साधं शेल्फ पुरतं?

तुम्ही विचारलंय की किचनमध्ये जागा कमी आहे, वाइनच्या दहा-बारा बाटल्या आहेत, ग्रिलिंगची आवड आहे, आणि बघायला जावं तर सुरीला वेगळा होल्डर, झाकणांना वेगळा, रिब्सना (बरगड्यांच्या मांसाला) वेगळा, मग यातलं खरंच घेण्यासारखं काय?

मी आधी एवढंच बघतो की रॅक त्या वस्तूला नुसती जागा देतोय का एका ठरावीक स्थितीत धरून ठेवतोय. नुसती जागा हवी असेल तर शेल्फ आणि हुक पुरतात, उद्या वस्तू बदलल्या तरी ते कामाला येतात. पण काही वस्तू कशा ठेवल्यात यावरच त्यांचं टिकणं नाहीतर शिजणं अवलंबून असतं, तिथे खास रॅक लागतोच.

वाइनचंच घ्या. खऱ्या कॉर्कची बाटली महिनोनमहिने ठेवायची असेल तर आडवीच हवी, म्हणजे वाइन कॉर्कला लागून राहते, कॉर्क ओला राहतो आणि आकसून हवा आत जात नाही. स्क्रू कॅपवाल्या बाटलीला याची काही गरज नाही, ती उभी ठेवली तरी चालते. व्हिस्की वगैरे मात्र उभ्याच ठेवा, त्यातल्या तीव्र अल्कोहोलने कॉर्क खराब होतो. म्हणजे तुमच्या दहा-बारापैकी खरोखर रॅक लागणाऱ्या किती आणि त्यातल्या महिन्याभरात संपणाऱ्या किती, हे आधी मोजा, बऱ्याचदा सहा बाटल्यांचा रॅक पण भरपूर होतो.

रॅक घेताना खोबणीचं माप बघा कारण इथे लोक फार फसतात. ७५० मिलीची सरळ खांद्यांची बोर्डोची बाटली साधारण साडेसात सेंटीमीटर जाड असते, उतरत्या खांद्यांची बर्गंडीची त्याहून जाड आणि शॅम्पेनची तर नऊच्या जवळ जाते, त्यामुळे बोर्डोच्या मापाने केलेल्या खोबणीत शॅम्पेन जातच नाही. आणि वजन! भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो, म्हणजे बारा बाटल्यांचे पंधरा ते अठरा किलो झाले, रॅकचं वजन वेगळंच.

जागेबद्दल तर मला पोटतिडकीने सांगायचंय: फ्रिजच्या डोक्यावर किंवा ओव्हनशेजारी वाइन रॅक ठेवू नका, कितीही शोभून दिसला तरी. वाइनला १२ ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास, न बदलणारं तापमान आणि अंधार लागतो, आणि किचनमध्ये दिवसातून चार वेळा तापमान वरखाली होतं. कपाटाचा खालचा कप्पा, घरातली सगळ्यात गार भिंत, असं काहीतरी शोधा.

जाता जाता, बाटलीच्या स्थितीला किती महत्त्व असतं ते बघायचं तर शॅम्पेन बनवणारे वापरतात तो ए आकाराचा लाकडी रॅक बघा, प्युपित्र म्हणतात त्याला. त्यात बाटल्या मान खाली करून अडकवतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवतात म्हणजे यीस्टचा गाळ तोंडाशी येऊन बसतो. ही पद्धत १८१६ मध्ये फ्रान्सच्या शॅम्पेन उत्पादक मादाम क्लिकोंच्या तळघरात सुरू झाली असं मानलं जातं, आणि त्या वेळी साधं जेवणाचं टेबल भोकं पाडून वापरलं होतं म्हणे.

आता ग्रिल. रिब रॅक मला मनापासून आवडतो, कारण आडव्या ठेवल्या तर जिथे रिब्सचे दोन पट्टे मावतात तिथे उभे चार सहज मावतात. पण तो फक्त झाकण लावून, निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला अशा मंद आचेवर, ११० ते १२० अंशांवरच चालतो, थेट निखाऱ्यावर ठेवलात तर खालची कड जळते आणि वरचं कच्चं राहतं. पट्ट्यांमध्ये बोटभर फट हवी, नाहीतर हवाच फिरत नाही, आणि निखाऱ्याकडचा पट्टा लवकर होतो म्हणून मध्ये एकदा जागा बदलायच्या. चिकन उभं भाजायचा होल्डर पण चांगला, सगळीकडून सारखी कातडी कुरकुरीत होते, फक्त त्यात बिअरचा कॅन खोचू नका. कॅनवर रंग असतो, आतून प्लास्टिकचा थर असतो, आणि आतली बिअर फारशी तापतच नाही त्यामुळे तिचा उपयोगही जवळपास शून्य. स्टीलचा होल्डर घ्या आणि सगळ्यात जाड भाग आतून ७४ अंशांपर्यंत गेला की उतरवा. सळ्यांची फ्रेम घेतलीत तर सळ्या चपट्या घ्या, गोल सळी फिरवली की नुसती सळी फिरते, तुकडा तिथेच राहतो.

ग्रिलवर जाणाऱ्या कुठल्याही रॅकचा धातू मात्र नीट बघा. गॅल्वनाइज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको, जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि खूप तापलं की त्याचा धूर अंगाला बाधतो. नॉनस्टिकचा थर असलेला रॅक पण नको, तो २६० अंशांपुढे बिघडायला लागतो आणि निखाऱ्यावर तेवढं तापमान व्हायला वेळ लागत नाही. साधं, मुलामा नसलेलं स्टेनलेस स्टील घ्या. इथे एक गैरसमज आहे की चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ ग्रेडचं चांगलं स्टील, तसं नसतं, २०० सिरीजच्या स्वस्त स्टीलला पण चुंबक सहसा चिकटत नाही आणि ते मीठ-पाण्याने लवकर गंजतं. त्यामुळे ग्रेड लिहिलाय का ते बघायचं, आणि जोडांवर, वेल्डिंगच्या ठिकाणी हात फिरवायचा, गंज सुरू होतो तो बहुतेक तिथूनच.

किचनमध्ये मी दोनच गोष्टींना खास होल्डर देईन. एक सुऱ्या, कारण ड्रॉवरमध्ये एकमेकींवर आपटून धार जाते. भिंतीवरची चुंबकाची पट्टी उत्तम, त्यातही वरून लाकूड असलेली, आणि सुरी लावताना पाठीची बाजू आधी टेकवायची, काढताना पाठीवर वळवून काढायची. दुसरा कटिंग बोर्ड, तो उभा राहिला म्हणजे दोन्ही बाजूंनी वाळतो आणि वाकत नाही. बाकी झाकणं, ताटल्या, मसाल्याच्या बाटल्या यांना शेल्फ चालतं, मसाले फक्त शेगडीच्या वर नकोत, वाफेने आणि उष्णतेने त्यांचा वास उडतो.

भिंतीवर काहीही लावणार असाल तर रॅक किती खोल आहे ते बघा. तेवढंच वजन पण ३० सेंटीमीटर खोल रॅकच्या पुढच्या कडेला ठेवलं तर १५ सेंटीमीटरवाल्याच्या दुप्पट ओढ वरच्या स्क्रूवर येते, म्हणून वरखालच्या स्क्रूंमध्ये जितकं जास्त अंतर तितकं बरं. बिडाची भांडी टांगायची असतील तर स्क्रू पक्क्या भिंतीत किंवा तुळईतच गेला पाहिजे, पोकळ बोर्डमध्ये नाही. व्हॅक्यूम कपवाले होल्डर फक्त गुळगुळीत काचेवर किंवा टाइलवर, तेही हलक्या वस्तूंसाठी, टाइलच्या सांध्यावर कप आला की तो पडणारच.

तुमच्या जागी मी आधी सुरीची पट्टी आणि जमिनीवर उभा राहणारा छोटा वाइन रॅक घेईन, भिंतीला भोकं पाडायचा प्रश्न पट्टीपुरताच राहील. ग्रिलचा रॅक घ्यायच्या आधी झाकण लावल्यावर जाळीपासून वर किती उंची उरते ते मोजा आणि इथे कमेंटमध्ये लिहा, रिब रॅक बसेल का आणि चिकन उभं राहील का ते त्यावरून सांगता येईल.